स्पर्धात्मक चीअरलीडिंगमध्ये मुलांचा वयोगट कसा ठरतो : अमेरिकेत नव्याने आलेल्या पालकांसाठी

अमेरिकेत येऊन पहिले वर्ष सरते न सरते तोच शाळेतल्या मैत्रिणींचे पाहून मुलगी चीअरलीडिंगला जाण्याचा हट्ट धरते. ज्या पालकांनी हा प्रकार केवळ क्रिकेटच्या सामन्यात सीमारेषेजवळ नाचणाऱ्या पथकांच्या रूपात पाहिलेला असतो, त्यांना काय उत्तर द्यावे हे कळत नाही. येथील स्पर्धात्मक चीअरलीडिंग हा टंबलिंग (म्हणजे कोलांट्या-उड्यांच्या कसरती), एकमेकांना उचलून केलेले स्टंट, मानवी मनोरे आणि नृत्य यांचा मिळून झालेला, सुमारे अडीच मिनिटांत सादर होणारा कष्टाचा सांघिक खेळ आहे. गेली बारा वर्षे तो आमच्या घरात आहे. नव्याने आलेली मराठी कुटुंबे मला या खेळाबद्दल जे प्रश्न विचारतात, त्यांतले बहुतेक फिरून एकाच जागी येतात : आमच्या मुलाला किंवा मुलीला याच संघात का घेतले, किंवा का घेतले नाही? त्याचे निम्मे उत्तर वयोगटाच्या नियमांत असते, आणि ते नियम हंगाम सुरू होण्यापूर्वी समजून घेतले तर पुढचा बराच मनस्ताप टळतो.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की 'चीअर' या एका शब्दाखाली येथे निरनिराळ्या व्यवस्था चालतात आणि प्रत्येकीची वय मोजण्याची रीत वेगळी आहे. खासगी जिममधून चालणाऱ्या संघांना ऑल स्टार म्हणतात. त्यांचे नियम मुख्यतः २००३ मध्ये स्थापन झालेली युनायटेड स्टेट्स ऑल स्टार फेडरेशन, म्हणजे यूएसएएसएफ, ठरवते. पॉप वॉर्नरसारख्या मुलांच्या फुटबॉल-चीअर संस्थांच्या स्थानिक संघांची व्यवस्था दुसरी, आणि शाळेच्या संघांची तिसरी. एका व्यवस्थेत ऐकलेला नियम दुसरीत लावणे ही नवख्या पालकांची नेहमीची चूक आहे. सर्वांत जास्त गुंतागुंत ऑल स्टारमध्ये असल्यामुळे मी त्याविषयीच सविस्तर लिहितो.

ऑल स्टारमध्ये प्रत्येक हंगामासाठी वयोगटांचा एक तक्ता प्रसिद्ध होतो, त्याला सगळे 'एज ग्रिड' म्हणतात. त्यात टायनी, मिनी, यूथ, ज्युनिअर, सीनिअर आणि त्यापुढे ओपन अशी गटांची नावे असतात आणि प्रत्येक गटात कोणाला खेळता येईल याची मर्यादा दिलेली असते. कित्येक वर्षे मिनीसाठी ८, यूथसाठी ११, ज्युनिअरसाठी १४ आणि सीनिअरसाठी १८ ही वरची मर्यादा सर्वांच्या तोंडी होती, आणि वय मोजले जाई ते ३१ ऑगस्ट या तारखेला. पुढे ही रीत बदलली, आणि आताच्या तक्त्यात वयाच्या जोडीला जन्माचा कालखंडही छापलेला असतो. जिममधले जुने पालक अजूनही ३१ ऑगस्टची भाषा बोलतात, ती ऐकून घ्यावी. परंतु निर्णय मात्र चालू हंगामाच्या तक्त्यातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवूनच करावा. मागच्या वर्षीचा तक्ता यंदा उपयोगाचा नसतो, कारण त्यातल्या तारखा दरवर्षी पुढे सरकतात आणि गटांच्या मर्यादाही अधूनमधून बदलतात.

येथे आपल्या बोलण्याच्या सवयीमुळे होणारा एक घोटाळा सांगणे आवश्यक आहे. आपण 'तिला आठवे लागले' असे म्हणतो तेव्हा तिची सात वर्षे पूर्ण झालेली असतात. येथे मात्र वय म्हणजे पूर्ण झालेली वर्षे, आणि त्यातही आज पूर्ण झालेली नव्हेत, तर तक्त्याने ठरवलेल्या मोजणीप्रमाणे. संघनिवड बहुधा मे महिन्याच्या आसपास होते आणि स्पर्धांचा हंगाम हिवाळ्यापासून पुढच्या वसंतापर्यंत चालतो. या मधल्या काळात मुलांचे वाढदिवस येतात आणि जातात, तरी गट बदलत नाही. म्हणून कोणी वय विचारले, तर वय सांगूच नये. जन्मतारीख सांगावी आणि महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे.

महिना अक्षरांत लिहिण्याचा आग्रह मी का धरतो, ते आमच्याच अनुभवावरून सांगतो. माझ्या मोठ्या मुलीचा जन्म ९ ऑगस्टचा. पहिल्या वर्षी मी जिमच्या अर्जावर सवयीप्रमाणे आधी दिवस आणि मग महिना असे अंकांत लिहिले, आणि येथे महिना आधी वाचतात, त्यामुळे तिची नोंद ८ सप्टेंबर अशी झाली. तेव्हा वयाची मोजणी ३१ ऑगस्टला होत असे. त्या तारखेला ती प्रत्यक्षात १२ वर्षांची होती, नोंदीप्रमाणे मात्र ११ वर्षांची ठरली आणि यूथ संघात घेतली गेली. नोव्हेंबरमध्ये कागदपत्रांची पडताळणी झाली तेव्हा चूक उघडकीस आली आणि तिला ज्युनिअर संघात हलवावे लागले. ती ज्या फ्लायरची (वर उचलल्या जाणाऱ्या मुलीची) बेस (खालून उचलून धरणारी) होती, तिचा संपूर्ण स्टंटचा गट मोडला, पहिल्या स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना प्रशिक्षकांना रचना पुन्हा बसवावी लागली, आणि माझी मुलगी त्या मुलींशी नजर मिळवायला कितीतरी दिवस कचरत होती. चूक माझी होती आणि भोगले त्या मुलींनी, हे मला आजही बोचते.

वयोगट ही या व्यवस्थेची एक बाजू झाली. दुसरी बाजू लेव्हलची, आणि या दोन्हींची सरमिसळ करू नये. लेव्हल १ पासून ७ पर्यंत असतात आणि त्या कौशल्यावर ठरतात. ढोबळमानाने सांगायचे तर टंबलिंगमध्ये पहिल्या लेव्हलला कोलांट्या, कार्टव्हील आणि वॉकओव्हर, दुसरीला बॅक हँडस्प्रिंग (मागे हातांवर घेतलेली उडी), तिसरीला टक (गुडघे पोटाशी घेऊन हवेतली कोलांटी), चौथीला लेआउट (शरीर ताठ ठेवून हवेतली कोलांटी) आणि पाचवीला त्यातच एक पूर्ण फिरकी, अशी चढण असते. स्टंटचे नियमही त्याच क्रमाने कडक किंवा सैल होतात. 'ज्युनिअर २' याचा अर्थ ज्युनिअर वयोगट आणि दुसरी लेव्हल असा होतो. त्यामुळे तेरा वर्षांची मुलगी पहिल्या लेव्हलला असणे हे कमीपणाचे नाही आणि आठ वर्षांची मुलगी तिसऱ्या लेव्हलचे टंबलिंग करू शकते म्हणून ती सीनिअर संघात जाऊ शकते असेही नाही.

तक्त्यातले गट एकाखाली एक रचलेल्या बंद पेट्यांसारखे नाहीत. ते एकमेकांवर चढलेले असतात. दहा वर्षांचे मूल यूथमध्ये बसते, तसेच ज्युनिअरमध्येही बसू शकते. वरची मर्यादा मात्र अभेद्य असते : जे मूल गटाच्या वयाबाहेर गेले, ते कितीही लहानखुरे असो, कितीही नवखे असो, खालच्या गटात येऊ शकत नाही. त्याला येथे 'एज आउट' होणे म्हणतात. मोठ्या गटांना आणि अवघड लेव्हलना खालचीही मर्यादा असते, म्हणजे ठरावीक वयाच्या आधी तेथे प्रवेशच नसतो. या खालच्या मर्यादेमागे मुलांच्या शरीराची काळजी आहे. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी असलेला कोवळा भाग मनगटावर वारंवार पडणाऱ्या भाराने दुखावू शकतो, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या बेस ज्या उंचीवर आणि ज्या जोराने फेकतात, त्या उंचीवर स्वतःला सावरण्याची समज लहान मुलीला अजून आलेली नसते.

म्हणूनच माझे स्पष्ट मत असे आहे की नियम परवानगी देतो एवढ्याच कारणाने मुलाला वरच्या वयोगटात पाठवू नये. वर्गातल्या हुशार मुलाला एक इयत्ता पुढे बसवण्याचा आनंद आपल्याकडच्या पालकांना ठाऊक आहे आणि तोच आनंद येथेही खुणावतो, विशेषतः मुलगी वजनाने हलकी असेल आणि मोठ्या संघाला फ्लायर हवी असेल तेव्हा. प्रशिक्षकांनी असे सुचवल्यास गरज संघाची आहे की मुलीची, हे नम्रपणे विचारावे. मोठ्या मुलींच्या गप्पा, त्यांचे फोन, स्पर्धेच्या निमित्ताने हॉटेलमधले मुक्काम या सगळ्यांत नऊ-दहा वर्षांचे मूल एकटे पडते, आणि ते घरी सांगत नाही.

उलट अडचण उशिरा आलेल्या मुलांची. तेराव्या-चौदाव्या वर्षी देश बदलून आलेल्या मुलीला वयाने ज्युनिअर किंवा सीनिअरच मिळणार, आणि कौशल्याने पहिली लेव्हल. तक्त्यात असे संघ आहेत, परंतु प्रत्येक जिममध्ये ते असतीलच असे नाही, कारण त्या वयाच्या पुरेशा नवशिक्या मुली एका ठिकाणी जमत नाहीत. जिमने नकार दिला तर त्याचे कारण अनेकदा एवढेच असते. अशा वेळी प्रेप किंवा नॉव्हिस या कमी सरावाच्या आणि तुलनेने कमी खर्चाच्या श्रेणींची चौकशी करावी, जवळच्या दुसऱ्या जिममध्ये विचारावे, किंवा शाळेच्या संघाकडे वळावे.

आता कागदपत्रे. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला किंवा पासपोर्ट मागितला जातो. ग्रामपंचायतीचा जुना दाखला केवळ मराठीत असेल तर अनुवादकाच्या सहीचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद सोबत ठेवावा. काही दाखल्यांवर बाळाचे नावच नसते, कारण नोंद बारशाआधी झालेली असते; नाव नंतर घालता येते, परंतु त्याला नोंदणीपासून १५ वर्षांची मर्यादा आहे, म्हणून भारतात जाणे होईल तेव्हा हे काम आधी उरकावे. दुसरी अडचण नावाची. पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव आलेले असते आणि येथील नोंदीत ती दोन्ही मिळून तिचे पहिले नाव होऊन बसते, तर शाळेच्या कागदांवर ते मधले नाव असते. संघाच्या अधिकृत यादीतले नाव आणि पुराव्यावरचे नाव अक्षरशः जुळते की नाही, हे स्वतः पाहावे. शाळेच्या सोयीसाठी कोणी वेगळी जन्मतारीख लावली असेल, तर प्रमाण मानली जाईल ती सरकारी दाखल्यावरचीच. तारखेत जाणूनबुजून फेरफार करण्याचा विचारही मनात आणू नये. अपात्र खेळाडू आढळल्यास संपूर्ण संघ बाद होऊ शकतो.

हंगामाच्या मध्यावर एखादी मुलगी जखमी झाली की दुसऱ्या संघातून बदली खेळाडू घेतात, आणि काही मुले दोन संघांत खेळतात, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. दोन्ही वेळी त्या दुसऱ्या संघाचा वयोगट आणि क्रॉसओव्हरचे निर्बंध स्वतंत्रपणे तपासावे लागतात. घाईत होकार देऊ नये.

पॉप वॉर्नरमध्ये वय ३१ जुलै या तारखेला मोजतात आणि वयाच्या पुराव्याबरोबर शाळेचे प्रगतिपुस्तकही मागतात. शाळेच्या संघात मुख्यतः इयत्ता पाहिली जाते. माध्यमिक शाळांसाठी राज्याची क्रीडा संघटना वयाची कमाल मर्यादा घालते. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात १५ जूनपूर्वी ज्याला १९ वर्षे पूर्ण होतात, तो विद्यार्थी पुढील शालेय वर्षात शाळेच्या खेळांत उतरू शकत नाही. येथे येताना ज्या मुलांना एक इयत्ता खाली बसवले गेले, त्यांच्या पालकांनी ही अट शेवटच्या वर्षापर्यंत न थांबता नववीतच पाहून ठेवावी.

जिमचा करार वर्षभराचा असतो आणि मध्येच सोडल्यास भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून सही करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : मुलाला कोणत्या वयोगटाच्या आणि कोणत्या लेव्हलच्या संघात घेतले आहे, आणि पुढच्या हंगामात ते त्या गटातून बाहेर जाणार आहे का. जाणार असेल, तर पुढचा संघ त्याच जिममध्ये आहे की नाही हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.