कूलर पुन्हा गार हवा द्यायला लागला

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर, आणि आमचा कूलर नुसती गरम हवा फेकायला लागला. पंपाचा आवाज येत होता, पण पाणी वर चढेना. मुलांना हाताशी घेऊन मागची जाळी काढली. बोअरच्या जड पाण्याने पंपाच्या तोंडाशी पांढरा, खडबडीत थर धरला होता. वरच्या नळीची भोकंही बुजलेली. प्लग काढून पंपाची जाळी आणि नळी लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवली. क्षार फसफसत सुटला. धाकटीने दाभणाने एकेक भोक मोकळं केलं, काय मन लावून! बक्षीस म्हणून संध्याकाळी सगळे भुईकोट किल्ल्यात. गवताची पॅड मात्र नवीच घाला, क्षार भरलेली धुऊन उपयोग नाही. आणि टाकीत नुसती भर न घालता आठवड्याला पाणी पूर्ण बदला.