मार्गेरिटा पिझ्झा मधोमध ओला राहतो?

इटलीतल्या नेपल्सच्या मार्गेरिटावर मोजकंच असतं: टोमॅटो, मोझरेला चीज, बेझिलची पानं, ऑलिव्ह तेल, मीठ. तरी घरी ती मधोमध गिच्च होते, कारण पाणी. तिथल्या लाकडाच्या भट्टीत ४३०-४८० अंश सेल्सिअसला पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. घरच्या ओव्हनला २५० अंशांवर सात-आठ मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ चीज पाणी सोडत राहतं.

म्हणून ताजं मोझरेला बोटाएवढ्या पट्ट्यांत कापून चाळणीत ठेवा, फ्रिजमध्ये निदान तीन-चार तास. खालच्या वाटीत दुधाळ पाणी साचलेलं दिसेल. एरवी तेच पिझ्झावर उतरलं असतं. सॅन मार्झानो (लांबट इटालियन जातीचे) टोमॅटो हातानेच कुस्करा, मिक्सरमध्ये बिया फुटून कडवटपणा येतो. सॉस शिजवायचा नाही, फक्त मीठ घालायचं.

पिठाच्या २५० ग्रॅमच्या गोळ्याला ७० ग्रॅम टोमॅटो आणि ८० ग्रॅम चीज पुरे. जास्त घालायचा मोह आवराच! पीठ लाटू नका, बोटांनी मधून बाहेर पसरवा; कडेचे दीड सेंटिमीटर कोरे ठेवा, म्हणजे काठ फुगतो. पिझ्झा ज्यावर भाजायचा तो दगड किंवा जाड लोखंडी तवा ओव्हनमध्ये आधी ४५ मिनिटं तापवा.