ज्येष्ठांची वार्षिक तपासणी: सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी या चुका टाळा

सासऱ्यांच्या त्या वर्षीच्या तपासणीचा रिपोर्ट सोळा पानांचा होता. साखर, कोलेस्टेरॉल, किडनी, सगळं जागच्या जागी. आम्ही निर्धास्त झालो. तीन आठवड्यांनी रात्री बाथरूमला जायला उठले आणि दारातच कोसळले. अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे त्यांना दोन महिन्यांपासून जाणवत होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून ते बोलले नाहीत. आणि सोळा पानांत उभ्याने घेतलेलं बीपी कुठेच नव्हतं.

तेव्हापासून घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तपासण्यांना मी सोबत जाते. तिथे पाहिलेल्या चुका, त्यात माझ्या स्वतःच्याही बऱ्याच, इथे लिहिते आहे.

रक्त दिलं म्हणजे तपासणी झाली असं समजणं

साठी-पासष्टीनंतरच्या तपासणीत रक्त-लघवी हा लहानसा भाग असतो. बाकीचं काम समोरासमोर बसून होतं: औषधांची उजळणी, वजन, चाल, तोल, नजर, कान, झोप, स्मरणशक्ती, मनःस्थिती, राहिलेल्या लशी. वजनाचा काटा फुकट असतो म्हणून त्याला कुणी किंमत देत नाही. पण काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर कारण शोधावंच लागतं. साठ किलोच्या माणसात हे जेमतेम तीन किलो होतात. घरचे म्हणतात, ‘बरं झालं, हलके झाले.’

चाल बघायची एक साधी चाचणी आहे. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या वेगाने तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. याला बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं धरून डॉक्टर पुढे बघतात. घड्याळ सोडून काही लागत नाही. आपणहून कुणी केली नाही, तर ‘चालून दाखवू का?’ असं विचारायला लाजू नका.

बीपी घाईघाईत मोजू देणं

जिना चढून आलेला, लघवी अडवून बसलेला, वर गप्पा मारत असलेला माणूस आणि शर्टाच्या बाहीवरून गुंडाळलेला पट्टा. अशा आकड्यावरून गोळी वाढवलेली मी पाहिली आहे. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायला हवं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड उघडा आणि छातीच्या उंचीवर, तोंड बंद. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा विडी-सिगारेट नको. जाड दंडाला लहान पट्टा लावला, तर आकडा उगाच वर दिसतो.

मग सासऱ्यांच्या बाबतीत राहिलं ते: थोडा वेळ झोपवून बीपी घ्यायचं, उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर अंधारीचं कारण बहुधा हातात आलं. बऱ्याचदा मूळ औषधांतच असतं: बीपीची गोळी, प्रोस्टेटची गोळी, लघवी वाढवणारी गोळी.

औषधांची यादी तोंडपाठ आहे असं मानणं

‘एक बीपीची, एक साखरेची, एक पांढरी छोटी.’ पांढरी छोटी कसली, हे कुणालाच माहीत नसतं. चिठ्ठी न नेता पिशवीच न्या: पाकिटं, बाटल्या, डोळ्यांचे थेंब, मलमं, काढे, चूर्णं, जीवनसत्त्वं, शेजाऱ्याने दिलेली गुडघ्याची गोळी. आमच्या पिशवीतून एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी निघालं. दोन डॉक्टरांनी दिलेलं, दोन्ही रोज चालू.

गुडघ्याची गोळी वेगळी सांगायला हवी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी बीपी चढतं आणि किडनीवर ताण येतो; पण ‘ते काय औषध आहे होय’ म्हणून त्यांचं नाव कुणी घेत नाही. झोपेच्या गोळ्या आणि गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या जुन्या गोळ्या म्हातारपणी तोल आणि डोकं दोन्ही बिघडवतात. वयस्कांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची ‘बीअर्स यादी’ १९९१पासून आहे, आणि ही मंडळी त्यात आहेत. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, ते तपासायचं का हे विचारा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात; किमान दोन दिवस आधी थांबवायचं आणि लॅबला सांगायचं. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेलं कुठलंही औषध आपल्या मनाने बंद करू नका, झोपेची गोळी तर नाहीच नाही. ती एकदम तोडली की वेगळाच त्रास होतो.

उपाशी म्हणजे पाणीही नाही

आठ ते बारा तास उपाशी राहायला सांगतात, त्यात साधं पाणी चालतं. पाणी बंद केलं की शीर सापडत नाही, युरिया-क्रिएटिनिन हे किडनीचे आकडे वर दिसतात आणि बाहेर पडताना चक्कर येते. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहणं धोक्याचं. ते कधी घ्यायचं हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. तीन महिन्यांचा अंदाज देणाऱ्या एचबीएवनसीला उपास लागतच नाही. रक्त कमी असेल तर तिचा आकडा फसवा येऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

मुलांनीच उत्तरं देणं

ही माझी चूक. डॉक्टर विचारायचे सासूबाईंना, बोलायची मी. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी मला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा मला रागच आला. त्या पाच मिनिटांत सासूबाईंनी खोकताना लघवी होते हे सांगितलं. सून समोर असताना त्या जन्मात बोलल्या नसत्या. उदासी, एकटेपणा, घरातला जाच, दारू, पडल्याची लपवलेली गोष्ट, हेही असंच एकट्यानेच निघतं.

स्मरणशक्तीच्या चाचणीत तर हद्द होते. तीन शब्द सांगतात, मग घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावतात, मग तेच शब्द विचारतात. आणि शेजारी बसलेला मुलगा कुजबुजून शब्द पुरवतो! बापाला नापास होऊ द्यायचं नसतं त्याला. पण इथे पास करून काय मिळवायचं? उलट मदत करायचीच तर चष्मा आणि कानाचं यंत्र आठवणीने सोबत घ्या. शब्द ऐकूच आला नाही तर तो लक्षात कसा राहणार? कानात मळ साठला असेल तर तोही आधी काढून घ्या.

लाल आकड्याला घाबरणं, काळ्यावर विसंबणं

रिपोर्टमधली ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसावेत. म्हणजे ठणठणीत माणसाच्या वीस स्वतंत्र चाचण्या केल्या, तर एखादी तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. साठ-सत्तर चाचण्यांच्या पॅकेजमध्ये काहीच लाल नसतं, तर मला जास्त नवल वाटलं असतं. किंचित इकडेतिकडे असेल तर मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवून बघा.

उलटंही होतं. कृश म्हाताऱ्या माणसाच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे किडनी मंदावली तरी क्रिएटिनिन काळ्या अक्षरांतच राहतं. म्हणून ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन बघावं. लघवीत जंतू निघाले पण जळजळ, ताप, काहीच त्रास नाही, तर अँटिबायोटिक सहसा लागत नाही. आणि पॅकेजमध्ये भर म्हणून टाकलेले सीईए, सीए-१२५ हे कॅन्सरचे मार्कर तक्रार नसलेल्या माणसात करू नयेत. ते नॉर्मल आले तरी कॅन्सर नाही असं ठरत नाही आणि वाढलेले आले तर स्कॅनची रांग लागते. कॅन्सरची कुठली चाचणी कुठल्या वयापर्यंत करायची, हेही विचारावं. सगळ्याच जन्मभर करायच्या नसतात. पण पासष्टी ओलांडलेल्या बाईच्या हाडांची घनता कधीच मोजली नसेल, तर ती राहून जाऊ देऊ नका.

लशींचं थोडक्यात: फ्लूची दरवर्षी, धनुर्वाताची दर दहा वर्षांनी, न्यूमोनियाची आणि नागिणीची डॉक्टरांना विचारून. नागिणीच्या नव्या लशीचे दोन डोस असतात, दुसरा विसरतो.

सगळं एकाच भेटीत उरकायला बघणं

वीस तक्रारी काढल्या तर एकीलाही न्याय मिळत नाही. सगळ्यात जास्त छळणाऱ्या दोन-तीन गोष्टी कागदावर लिहून तो कागद सुरुवातीलाच डॉक्टरांपुढे ठेवा. दाराशी जाऊन ‘आणि हो, छातीत जरा भरून येतं’ असं सांगू नका. छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, काळी शौच, यांसाठी वार्षिक तपासणीची वाट बघायची नसते; त्याच दिवशी जायचं.

निघताना विचारून घ्या: कुठलं औषध बंद, कुठलं बदललं, कुठली चाचणी पुन्हा आणि कधी. दुसऱ्यांदा शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. सासऱ्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता दोन ओळी असतात, बसून बीपी आणि उभ्याने बीपी. त्यांची एक गोळी रात्रीऐवजी सकाळी झाली, दुसरी निम्मी झाली. पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसूनच ते उठतात, आणि मी बघत असले की मोठ्याने सेकंद मोजतात.