ओढ्यावर वीज करायचीय? आधी बादली घेऊन जावा
पाटण-जावळीकडच्या वाड्यांवरनं कुणी ना कुणी विचारतंच, घरामागं बारमाही ओढा आहे, टर्बाईन, म्हणजे वीज करणारं पाण्याचं चाक, कुठलं घेऊ? अहो थांबा, टर्बाईन सगळ्यात शेवटी, आधी दोनच गोष्टी मोजा, पाणी किती उंचीवरनं पडतंय आणि सेकंदाला किती लिटर येतंय. आपल्या कोयनेचंच बघा की, धरणाच्या पायथ्याचं वीजघर साधारण ४० मेगावॅटचं, आणि शिवसागराचं, म्हणजे धरणाच्या जलाशयाचं पाणी बोगद्यातनं घाटाखाली सोडलं की एकटा चौथा टप्पाच १००० मेगावॅटचा. तिकडं पाणीही जास्त जातं, पण खरी कमाई उंचीची.

ओढ्याला मातीच्या पोत्यांचा बांध घाला, सगळं पाणी एका पाईपातनं २० लिटरच्या बादलीत घ्या आणि मोबाईलवर वेळ लावा. ४ सेकंदात भरली तर सेकंदाला ५ लिटर. पाच-सहा वेळा करा. आणि हे एप्रिल-मेमध्येच करायचं बरं का, मी शहाण्यानं श्रावणात मोजलं, त्या हिशोबानं सामान आणलं आणि मार्चात चाक नुसतं भिजत बसलं.

उंचीला गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घ्या, टप्प्याटप्प्यानं मोजत खाली या, नळीत बुडबुडा राहिला की माप गेलंच. मोबाईलच्या ॲपवर विसंबू नका.

आता लिटर गुणिले मीटर गुणिले ९.८१, आलेल्या वॅटचं निम्मं धरा. ५ लिटर, ३० मीटर म्हणजे साधारण ७०० वॅट हातात. कमी वाटतं, पण रात्रंदिवस चालतं, दिवसाला १६-१७ युनिट होतात.

पाईपात कंजुषी नको. एवढं पाणी २ इंचीतनं नेलं तर १०० मीटरमागं १०-१२ मीटर उंची घर्षणातच जाते, ३ इंचीत दीड-दोन. तोंडाला जाळी लावा, पालापाचोळा रोज काढा.

आता टर्बाईनचा प्रकार: उंची जास्त, पाणी कमी असेल तर पेल्टन (चाकावरच्या वाट्यांवर पाण्याची धार मारणारं), उलटं असेल तर क्रॉसफ्लो (लांब पात्यांच्या चाकातनं पाणी आरपार जाणारं). खालच्या शेतकऱ्याला आधी सांगून ठेवा, पाणी परत ओढ्यातच जाणार असलं तरी, नाहीतर भांडण ठरलेलं.

आणि कंट्रोलर, म्हणजे उरलेली वीज दुसरीकडं वळवणारा डबा, पाहिजेच. घरातले दिवे बंद केले की टर्बाईन मोकाट सुटतं, व्होल्टेज चढतं, बल्ब जातात. कंट्रोलरमधनं उरलेली वीज हीटरवर टाका आणि तो हीटर टाकीत सोडा, अंघोळीचं पाणी फुकटात तापतंय.