वेगवेगळ्या वयांच्या मुलांच्या घरशाळेचा वार्षिक आढावा कसा घ्यावा

घरशाळेचे वर्ष संपत आले की पुढच्या वर्षाची पुस्तके मागवण्याची घाई होते; परंतु मुले वेगवेगळ्या वयांची असतील, तर त्याआधी झालेल्या वर्षाचा शांतपणे आढावा घेणे आवश्यक आहे. आमच्या नाशिकच्या घरी थोरली १३ वर्षांची, मधला ९ वर्षांचा आणि धाकटी ५ वर्षांची आहे. यंदा एप्रिलमध्ये आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून हे काम केले.

पहिली संध्याकाळ केवळ वह्यांसाठी ठेवावी. प्रत्येक मुलाची वर्षाच्या सुरुवातीची दोन-तीन पाने आणि मार्चमधली तितकीच पाने शेजारीशेजारी मांडावीत. किती धडे झाले हे या वेळी मोजू नये, आणि धाकट्या मुलाची थोरल्याशी तुलना तर मुळीच करू नये. मधल्याच्या जुलैच्या वहीत गोदावरीच्या पुराविषयी ‘खूप पाणी आले’ एवढेच वाक्य होते. मार्चमध्ये त्याने लिहिले होते की, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले असे आजी सांगते, पण गंगापूर धरणातून किती पाणी सोडले तो आकडाही लिहायला हवा. या दोन पानांमधले अंतर कोणत्याही गुणपत्रिकेत दिसले नसते.

दुसऱ्या संध्याकाळी वेळेचा हिशेब करावा, आणि माझ्या मते आढाव्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. ज्या दिवशी ज्या मुलासोबत आम्ही स्वतंत्रपणे बसलो, त्या दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्याच्या रंगाचा ठिपका द्यायचा, अशी पद्धत आम्ही ठेवली होती. सगळी पाने जमिनीवर पसरली, तेव्हा मधल्याचा हिरवा रंग शोधावा लागला. थोरलीचे बीजगणित अडत होते आणि धाकटीला अक्षरओळखीसाठी कोणीतरी जवळ लागत होते. मधल्याला वाचता येते, तो मुकाट्याने बसतो, म्हणून आम्ही त्याच्याबाबत निर्धास्त राहिलो. त्याची गणिताची वही उघडली, तर ६१८ भागिले ६ याचे उत्तर १०३ ऐवजी १३ असे लिहिलेले होते, आणि भागाकारात शून्य लिहायचे राहून जाण्याची ही चूक नोव्हेंबरपासून पानोपानी होती. त्याची आम्ही क्षमा मागितली. ज्या घरी दोनहून अधिक मुले शिकतात, तिथे सर्वांत कमी हाका मारणाऱ्या मुलाची वही आधी तपासावी, असे मी आग्रहाने सांगेन.

एकत्र केलेल्या अभ्यासाची तपासणी वेगळी करावी लागते, कारण सगळे एकत्र गेले म्हणजे सगळे शिकले असे होत नाही. पांडवलेण्यांच्या सहलीत धाकटीने पायऱ्या मोजल्या, मधल्याने एका खांबाचे चित्र काढले आणि थोरलीने तिसऱ्या लेण्यातील सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या ब्राह्मी शिलालेखाविषयी वाचून टिपण लिहिले. ती सहल तिघांच्याही वहीत उतरली. नांदूर मधमेश्वरच्या पक्षी निरीक्षणाची नोंद मात्र फक्त थोरलीच्या वहीत सापडली, कारण धाकट्या दोघांना आम्ही गप्प राहण्यापलीकडे काही काम दिले नव्हते.

तिसऱ्या संध्याकाळी प्रत्येक मुलाशी एकट्याने बोलावे. ‘अभ्यास आवडला का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘यातले काय तू दुसऱ्याला शिकवू शकशील?’ असे विचारावे.

थोरले मूल तेराव्या वर्षी आले असेल, तर परीक्षेचा विचार याच वेळी करावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, किमान पाच विषय घ्यावे लागतात आणि नोंदणी पाच वर्षे चालते. त्यामुळे सगळे विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नसते. आमच्या थोरलीने विज्ञान आणि मराठी आधी देण्याचे ठरवले आहे, आणि बीजगणिताला तिला हवा तो अवधी मिळेल.

जूनच्या वेळापत्रकात सकाळची पहिली वीस मिनिटे आता मधल्याची आहेत. त्या वेळेत थोरली स्वतःचे वाचन करते, धाकटी आजीजवळ बसते, आणि दिनदर्शिकेवरचा हिरवा ठिपका तो स्वतः देतो.