एस्कॉर्ट कॅरियरबद्दल वाचता-लिहिताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी ‘गॅम्बियर बे’चं १:७०० मापाचं मॉडेल जोडायला घेतलं. ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन एस्कॉर्ट कॅरियर, म्हणजे काफिल्यांच्या सोबतीसारख्या कामांसाठी बांधलेली लहान, संथ विमानवाहू नौका. वहीत लांबी टिपून ठेवली होती ५१२ फूट. हिशेब केला तर डेक २२.३ सेंटिमीटर भरायला हवा. पट्टी लावली, २०.८ भरला. दीड सेंटिमीटर कमी! दुकानदाराला फोन करून तावातावाने सांगितलं, तुमचं किट सदोष आहे. तो बिचारा म्हणाला, आणून द्या, बघतो. आठवड्याभराने लक्षात आलं की चूक माझीच होती. ५१२ फूट ही नौकेची टोकापासून टोकापर्यंतची लांबी. उड्डाणाचा डेक ४७७ फुटांचाच होता, नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, आधीच संपणारा. पुन्हा फोन करून माफी मागितली, त्यावर तो हसला नाही हे त्याचे उपकार.

तेव्हापासून एस्कॉर्ट कॅरियरबद्दलचं मराठीतलं लिखाण जरा बारकाईने वाचतो. चुका तऱ्हेतऱ्हेच्या असतात, पण मूळ बहुधा एकच. मोठ्या विमानवाहू नौकेची पट्टी आपण या जहाजांना लावतो.

‘विक्रांत’ची धाकटी बहीण समजू नका

मुंबईत २००१ नंतर काही वर्षं ‘विक्रांत’ संग्रहालय म्हणून उभी होती आणि आपल्यापैकी कितीतरी जण तिच्या डेकवर जाऊन आले. त्यामुळे ‘दुसऱ्या महायुद्धातली लहान विमानवाहू नौका’ म्हटलं की डोळ्यांपुढे तीच येते. तिची बांधणी ‘हर्क्युलिस’ या नावाने १९४३ मध्ये सुरू झाली हेही खरं. पण ती पहिल्यापासून नौदलाच्या ताफ्याबरोबर धावण्यासाठी आखलेली, जवळपास २५ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाची लाइट फ्लीट कॅरियर होती. एस्कॉर्ट कॅरियर हे वेगळं कूळ आहे. तिचा सांगाडा मालवाहू जहाजाचा किंवा तेलवाहू जहाजाचा, आणि पाठीवर धावपट्टी.

या कुळातली ब्रिटिशांची पहिली नौका पाहा. ‘हॅनोव्हर’ हे जर्मन मालवाहू जहाज मार्च १९४० मध्ये कॅरिबियन भागात ब्रिटिशांच्या हाती लागलं. त्याचा वरचा भाग कापून सपाट डेक बसवला आणि १९४१ च्या उन्हाळ्यात ते ‘ऑडॅसिटी’ म्हणून कामाला लागलं. त्यावर हँगरच नव्हतं. अटलांटिकच्या वाऱ्यापावसात मार्टलेट विमानं उघड्या डेकवर बांधून ठेवायची, दुरुस्तीही तिथेच, रात्री टॉर्चच्या उजेडात. जिब्राल्टरहून निघालेल्या एचजी-७६ या काफिल्याबरोबर असताना २१ डिसेंबर १९४१ च्या रात्री ती काफिल्याबाहेर फिरत होती. यू-७५१ या जर्मन पाणबुडीने तिला तिथेच गाठून बुडवलं. जेमतेम सहा महिन्यांचं आयुष्य, पण तेवढ्यात कल्पना खरी ठरली.

आणखी दोन प्रकारांशी गल्लत होते. अमेरिकेच्या ‘इंडिपेन्डन्स’ वर्गाच्या ९ नौका क्रूझरच्या, म्हणजे वेगवान मध्यम लढाऊ नौकेच्या, सांगाड्यावर बांधलेल्या होत्या आणि ३१ नॉटने पळायच्या. त्या एस्कॉर्ट नव्हेत. दुसऱ्या ब्रिटिश मॅक-शिप. डेक आणि स्वोर्डफिश विमानं असूनही त्या धान्य किंवा तेल वाहायच्या आणि खलाशी व्यापारी जहाजावरचे. त्याही एस्कॉर्ट कॅरियर नव्हेत. शंका आली तर दोन गोष्टी तपासा: सांगाडा कशाचा आणि झेंडा कुणाचा, नौदलाचा की व्यापारी जहाजांचा.

वेग लिहिला, वारा विसरला

‘१९ नॉट वेग, म्हणजे संथ, म्हणजे निकामी’ हे वाक्य मी निदान तीन ठिकाणी वाचलं आहे. संथ होती, कबूल. पण विमानाच्या दृष्टीने आकडा वेगळाच असतो. उड्डाणाच्या वेळी जहाज नाळ वाऱ्याकडे वळवतं. जहाजाचा वेग १८ नॉट आणि समोरून वारा १२ नॉट असेल, तर डेकवर विमानाला ३० नॉटचा वारा आयता मिळतो. वारा पडला की उरले १८. भरलेलं अ‍ॅव्हेंजर विमान साधारण ८ टनांचं. त्याला ४७७ फुटांच्या डेकवरून, त्यातही मागे उभी असलेली विमानं वगळून उरलेल्या तुकड्यातून, स्वतःच्या बळावर उठणं अशा दिवशी अवघड. म्हणून नाळेजवळ कॅटापल्ट, विमान झटक्याने पुढे फेकणारं यंत्र. ‘कॅसाब्लांका’ वर्गाबद्दल (‘गॅम्बियर बे’ याच वर्गातली) लिहिताना कॅटापल्टचा उल्लेख राहिला, तर ही नौका चालायची कशी हेच वाचकाला कळत नाही.

१९७१ मध्ये आपल्या ‘विक्रांत’च्या बॉयलरला तडे गेले होते आणि तिचा वेग मर्यादित ठेवावा लागला होता. तेव्हा विमान उडवताना वाऱ्याचं गणित किती नाजूक झालं असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

लढाऊ विमानांतही मोठ्या नौकेची पट्टी लावण्याची चूक होते. चित्रात बहुतेकदा हेलकॅट काढलेलं असतं, कारण तेच प्रसिद्ध. ‘कॅसाब्लांका’ वर्गावर मुख्यतः एफएम-२ वाइल्डकॅट असायची, वजनाला हलकी आणि लहान डेकला सोयीची. मॉडेलवर हेलकॅट चिकटवण्यापूर्वी एकदा थांबा. (मी थांबलो नव्हतो. दोन उखडावी लागली.)

इंजिनाच्या रकान्यात सरसकट ‘टर्बाइन’ लिहितात तेही तपासून घ्या. ‘ऑडॅसिटी’ डिझेलवर चालायची. अमेरिकेच्या ‘बोग’ वर्गाला टर्बाइन आणि एकच पंखा. ‘कॅसाब्लांका’ वर्गाला मात्र दट्ट्याची वाफेची दोन इंजिनं, स्किनर युनिफ्लो. हा मागासलेपणा नव्हता. टर्बाइन आणि त्यांचे गिअर विनाशिकांनाच पुरत नव्हते, म्हणून जे मिळेल ते बसवलं.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

वजन आधी पाहा. ‘गॅम्बियर बे’साठी कुठे ७,८०० टन, कुठे ८,१८८, कुठे १०,९०२ सापडतं. घाबरू नका. पहिले दोन ‘स्टँडर्ड’ वजनाचे आकडे आहेत, म्हणजे इंधन न भरता. तिसरा पूर्ण भरलेल्या जहाजाचा. एका नौकेचं स्टँडर्ड आणि दुसरीचं भरलेलं वजन शेजारी ठेवून तुलना केली की लेख तिथेच बुडतो.

क्रमांकाआधीची अक्षरं बदलली असतील तर तारीख बघा. अमेरिकेने या नौकांना आधी एव्हीजी म्हटलं, ऑगस्ट १९४२ पासून एसीव्ही आणि जुलै १९४३ पासून सीव्हीई. ‘लाँग आयलंड’ ही एकच नौका तिन्ही अक्षरांनी सापडते आणि नवशिक्याला त्या तीन नौका वाटतात.

नावांचा घोळ त्याहून मोठा. सीव्हीई-६३ चं नाव ‘मिडवे’ होतं. ते नाव नव्या मोठ्या नौकेला हवं होतं म्हणून ऑक्टोबर १९४४ मध्ये हिचं ‘सेंट लो’ केलं, आणि त्याच महिन्यात ती बुडाली. आता सॅन डिएगोला संग्रहालय म्हणून उभी असलेली ‘मिडवे’ ती दुसरी. मिडवेची १९४२ ची लढाई आणखी तिसरी गोष्ट. या तिन्हींची खिचडी झालेला एक मजकूर मला प्रश्नमंजूषेत सापडला होता.

ब्रिटिशांनी अमेरिकेकडून घेतलेल्या नौकांना दिलेली नावं वाचून आपल्याला मौज वाटते: ‘शाह’, ‘बेगम’, ‘नबाब’, ‘राणी’, ‘राजा’. यावरून त्या हिंदुस्थानी नौदलाच्या होत्या असा समज करून घेऊ नका. राज्यकर्त्यांच्या पदव्या द्यायच्या असं ठरलं होतं, इतकंच. ‘खेदिव’ आणि ‘एम्परर’ही त्याच यादीत आहेत. ‘नबाब’वर तर बहुतांश खलाशी कॅनडाचे होते. हिंदुस्थानी नौदलाचा खरा संबंध दुसरीकडे आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये ‘शाह’ आणि ‘बेगम’ हिंदी महासागरात जर्मन पाणबुड्या शोधत होत्या. ‘शाह’च्या विमानाला यू-१९८ दिसली, आणि १२ ऑगस्टला सेशेल्सजवळ तिला बुडवणाऱ्या दोन नौकांपैकी एक होती रॉयल इंडियन नेव्हीची ‘गोदावरी’. मराठीत यावर फारसं लिहिलेलं दिसत नाही, आणि ‘नबाब’वरून मात्र तर्क लढवले जातात.

स्वस्त म्हणजे तकलादू, असं सरसकट नको

हेन्री कायझरच्या व्हँकुव्हर, वॉशिंग्टन इथल्या गोदीने जुलै १९४३ ते जुलै १९४४ या काळात ‘कॅसाब्लांका’ वर्गाच्या ५० नौका नौदलाच्या हवाली केल्या. खलाशी सीव्हीई या अक्षरांचा अर्थ लावायचे ‘ज्वालाग्राही, दुबळी, गमावली तरी चालेल अशी’. विनोद गाजला आणि लेखकांनी तोच निष्कर्ष म्हणून उतरवला. या ५० पैकी युद्धात बुडाल्या ५.

पण उलट टोकालाही जाऊ नका. दुबळेपणा खरा होता आणि तो नेमका कुठे होता ते सांगायला हवं: बॉम्बची कोठारं आणि पेट्रोल. नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रिटिश ‘अ‍ॅव्हेंजर’ या नौकेला टॉर्पेडो लागला, बॉम्बचा साठा पेटला आणि फक्त १२ जण वाचले. कोठार जहाजाच्या बाजूच्या पत्र्याला अगदी लागून होतं. यानंतर ब्रिटिशांनी आत आणखी एक भिंत घालून बॉम्ब कडेपासून १० ते १५ फूट दूर ठेवायला सुरुवात केली. मार्च १९४३ मध्ये ‘डॅशर’ शत्रूचा मागमूस नसताना स्कॉटलंडच्या क्लाइड खाडीत आतल्या स्फोटाने बुडाली, ३७९ मृत्यू. संशय पेट्रोलच्या वाफेवर. ब्रिटिश म्हणाले इंधनाची रचना चुकीची, अमेरिकन म्हणाले तुमची हाताळणी चुकीची. आणि २४ नोव्हेंबर १९४३ ला प्रशांत महासागरातल्या माकिन बेटाजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो ‘लिस्कम बे’च्या बॉम्बकोठाराशी फुटला. साधारण २३ मिनिटांत नौका गेली, ६४४ माणसं गेली. पर्ल हार्बरमध्ये शौर्यपदक मिळवलेला डोरिस मिलर त्यांच्यातच होता.

म्हणून ‘पातळ पत्र्यामुळे बुडाल्या’ असं एका दमात लिहू नका. पातळ पत्र्याने कधी कधी वाचवलंही.

समरची लढाई: शौर्य लिहा, पण हिशेब ठेवून

२५ ऑक्टोबर १९४४. फिलिपिन्समधल्या समर बेटाजवळ अमेरिकन अधिकारी क्लिफ्टन स्प्रेग यांच्या ६ एस्कॉर्ट कॅरियर, ३ विनाशिका आणि ४ डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट (विनाशिकेहून लहान सोबती नौका) यांच्यासमोर जपानी नौदलाच्या कुरिताचा ताफा अचानक उभा ठाकला. (अमेरिकेतल्या काही नोंदींत २४ तारीख दिसते. तो घड्याळाचा फरक.) इथे मराठीचीच एक अडचण आहे. एक लेख म्हणतो जपानच्या ४ युद्धनौका, दुसरा म्हणतो २३. दोघेही बरोबर. ‘यामातो’सह बॅटलशिप (सर्वांत अवजड तोफांच्या, जाड चिलखताच्या नौका) ४, आणि क्रूझर-विनाशिका धरून एकूण २३. ‘युद्धनौका’ हा शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो. अशा ठिकाणी सरळ ‘बॅटलशिप’ लिहा, भाषा बाटत नाही.

जपान्यांचे चिलखतभेदी गोळे जाड पोलादासाठी बनवलेले. इथे ते एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने न फुटताच निघून गेले. स्प्रेग यांच्या सहांपैकी ‘कालिनिन बे’ने डझनाहून जास्त गोळे खाल्ले आणि तरीही तरंगत राहिली. ‘गॅम्बियर बे’चं नशीब नव्हतं. ८ वाजून २० मिनिटांच्या सुमारास पुढच्या इंजिनखोलीत पाणी शिरलं, वेग पडला, इतर नौका पुढे गेल्या. मग तिच्यावर नेम धरणं सोपं झालं. ९ वाजून ७ मिनिटांनी ती उलटली. ‘सेंट लो’ तोफांतून वाचली आणि दोनेक तासांनी कामिकाझे, म्हणजे आत्मघातकी, विमानाने बुडवली. या दोघींचं मरण एकाच वाक्यात कोंबू नका.

सर्वांत लाडकी दंतकथा याच सहांपैकी ‘व्हाइट प्लेन्स’ची. तिच्या मागच्या टोकाच्या एकुलत्या एका ५ इंची तोफेने जपानी क्रूझर ‘चोकाई’वरचे टॉर्पेडो उडवले, असं दशकानुदशकं सांगितलं गेलं. २०१९ मध्ये ‘चोकाई’चे अवशेष सापडले, तेव्हा टॉर्पेडो शाबूत दिसले. मीही ही गोष्ट एका व्याख्यानात रंगवून सांगितली होती. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हे आठवलं की जास्त वाईट वाटतं.

कुरिता शेवटी माघारी वळला, पण ‘सहा नौकांनी यामातोला पळवलं’ हेही अर्धंच. त्या सकाळी त्या भागात एकूण १६ एस्कॉर्ट कॅरियर होत्या, आणि शेजारच्या गटाची विमानंही कुरिताच्या ताफ्यावर तुटून पडली. कित्येक विमानांवर जहाजाविरुद्ध उपयोगाची शस्त्रंच नव्हती. जमिनीवरच्या सैन्याला मदत आणि पाणबुडीचा शोध, एवढीच तयारी करून ती उठली होती. दारूगोळा संपल्यावरही वैमानिक खोटे हल्ले करत राहिले. विनाशिकांनी काय केलं तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पाणबुड्या मोजून यश मोजू नका

अटलांटिकबद्दल लिहिताना तक्ता येतो: अमुक नौकेने इतक्या बुडवल्या. ‘बोग’ आणि तिच्या विनाशिकांच्या खात्यावर १३ आहेत, हे मोठंच. पण वर विमान घिरट्या घालतंय म्हटल्यावर पाणबुडी खाली जाते, आणि पाण्याखाली तिला तासन्‌तास तीन-चार नॉटवर रांगावं लागतं. काफिला तेवढ्यात पुढे निघून जातो. त्या दिवशी बुडालेल्या पाणबुड्या शून्य, बुडालेली मालवाहू जहाजंही शून्य. तक्त्यात हा दिवस रिकामा दिसतो.

शिवाय मे १९४३ चं सगळं श्रेय यांना देऊ नका. त्या महिन्यात जर्मनीने ४१ पाणबुड्या गमावल्या, पण अटलांटिकमध्ये तेव्हा एस्कॉर्ट कॅरियर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं, रडार आणि फोडलेले जर्मन संकेत यांचा वाटा सोडून हिशेब लागत नाही.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो: एस्कॉर्ट कॅरियर आज कुठे पाहायला मिळेल? कुठेच नाही. एकही जपून ठेवलेली नाही. ४ जून १९४४ ला अमेरिकन कप्तान डॅनियल गॅलरी यांच्या ‘ग्वादालकॅनाल’ गटाने यू-५०५ जिवंत पकडली, आणि त्या नौकेने तिला स्वतःच्या मागे ओढत नेलं, ओढता ओढताच विमानंही उडवत-उतरवत. ‘ग्वादालकॅनाल’ नंतर भंगारात गेली. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात आज उभी आहे ती ओढून आणलेली पाणबुडी.