सिकलसेलची गोळी बुडतेय? आधी डबी मोजा

"गोळी घेतेस ना?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं: "हो." आईला तेच, आशाताईंना तेच, डॉक्टरांनाही तेच. म्हणून विचारत बसू नका. डबी मागा आणि गोळ्या मोजा.

सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार, आणि त्यावर रोज घ्यायची ही गोळी हायड्रॉक्सीयुरियाची असते. हिशोब असा. डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम हायड्रॉक्सीयुरिया ठरवलं असेल, तर ५० किलोच्या माणसाला रोज ७५० मिलिग्रॅम लागतं. आपल्याकडे सहसा ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल मिळते आणि ती घरी उघडून अर्धी करायची नसते. मग आज १, उद्या २ असं लिहून देतात. २८ दिवसांत ४२ कॅप्सूल संपल्या पाहिजेत. ४५ आणल्या असतील तर डबीत ३ उरतील. १२ निघाल्या तर ९ जास्त, म्हणजे साधारण ६ दिवस बुडाले. आता रागवायचं नाही, फक्त ते दिवस कोणते हे शोधायचं. कामाची पाळी बदलली तो आठवडा होता का, की माहेरी गेली होती? की गोळ्याच संपल्या होत्या आणि सांगायला संकोच वाटला?

'आज १, उद्या २' यात घोटाळा हमखास होतो. काल किती घेतल्या हे तिसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिनाभराच्या चौकटींत आधीच १, २, १, २ लिहून ठेवा. गोळी घेतली की आकड्याभोवती गोल, राहिली की फुली. फुली पडली म्हणून दुसऱ्या दिवशी भरपाई करायची नाही. त्या दिवसाच्या चौकटीत जो आकडा आहे तेवढ्याच घ्यायच्या. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तरी अडत नाही, आकडे आणि फुली आजीलाही कळतात. मोबाइलच्या अलार्मवर आमचा फारसा भरवसा नाही. तो बंद करून कूस बदलणं सगळ्यांनाच जमतं.

गोळी घड्याळाला न बांधता रोजच्या कामाला बांधा. यंत्रमागावर पाळी आठवड्याला फिरत असेल तर 'सकाळी ८' ला अर्थ राहत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात ती वेळ झोपेत जाते. त्यापेक्षा 'दिवसाच्या मोठ्या जेवणानंतर' हे टिकतं. घरी विड्या वळणाऱ्या बाईला 'संध्याकाळी पानं भिजत घातली की गोळी' हे पटकन लक्षात राहतं. कॅप्सूल आणि फोलिक ॲसिड एकाच वेळी घेतलं की एक आठवण पुरते.

लहान मुलांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून देतात त्या पेनिसिलिनचं मात्र तसं नाही, ते दिवसातून दोनदा असतं. साधारणपणे ३ वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम, पुढे निदान ५ वर्षांपर्यंत २५० मिलिग्रॅम. बुडतो तो संध्याकाळचा डोस, कारण मूल जेवता जेवता झोपतं. तो जेवणाआधी द्या. पेनिसिलिन चालू असलं तरी ताप १०१ फॅरनहाइटवर गेला, छातीत दुखायला लागलं किंवा धाप लागली, तर घरी वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा किंवा थेट सिव्हिल गाठा.

गोळी सोडण्याची कारणं बहुतेक कानावर पडलेली असतात. "उष्ण पडते", "ही तर कॅन्सरची गोळी". दुसरं अर्धं खरं आहे. हेच औषध रक्ताच्या काही कर्करोगांतही देतात. सिकलसेलमध्ये ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन (बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात असतं ते) वाढवतं, त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकायचं प्रमाण घटतं. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. मेडिकलवाल्याकडून नंतर कळलं तर विश्वास उडतो. नखं काळसर होऊ शकतात हेही सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुण यायला ३ ते ६ महिने लागतात. दुसऱ्या आठवड्यात अंग दुखलं म्हणून "काही फरक नाही" असं ठरवून डबी फडताळात मागे सरकते. ही दुखणं थांबवायची गोळी नाही, दुखणं कमी वेळा यावं म्हणून आहे.

विदर्भात किंवा नंदुरबारकडे हा आजार जितका दिसतो तितका सोलापुरात दिसत नाही. त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये कॅप्सूल असेलच असं नाही, मागवावी लागते. १० दिवसांच्या उरल्या की लगेच सांगा. ऊसतोडीला किंवा पंढरीच्या वारीला निघताना जितके दिवस लागतील त्यावर आठवडाभराच्या जास्त घ्या. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात डबी खिडकीत किंवा टीव्हीवर ठेवली तर कॅप्सूल मऊ पडून एकमेकींना चिकटतात. माठाशेजारी ओल लागते. सर्वांत थंड भिंतीच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पण लहान मुलांचा हात पोचणार नाही अशी. गरोदर बाईने कॅप्सूलला हात लावू नये. मूल हवं असेल तर, नवरा घेत असो वा बायको, गुपचूप बंद न करता आधी डॉक्टरांशी बोला. उपवासाला गोळी चालते. निर्जळी मात्र करू नका, अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उसळतं.

शाळेत मिळणारी निळी किंवा गुलाबी गोळी लोहाची असते. रक्त कमी आहे म्हणून ती आपोआप द्यायची नाही, डॉक्टरांना विचारून द्यायची. बाईंना तसं लिहून द्या.

रक्ततपासणी सुरुवातीला साधारण दर ४ आठवड्यांनी, डोस स्थिरावला की २-३ महिन्यांनी. रिपोर्टमधला एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, बघायला शिका. गोळी नियमित पोटात जात असेल तर तो सहसा चढतो. कॅलेंडरवर सगळीकडे गोल आणि एमसीव्ही जागच्या जागी, तर डबी पुन्हा मोजा. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २००० च्या किंवा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ८०,००० च्या खाली गेल्या तर डॉक्टर सहसा गोळी थांबवतात आणि आठवड्याभराने पुन्हा रक्त तपासतात. इथेच पुष्कळ जणांची गोळी कायमची सुटते. "डॉक्टरांनीच बंद केली" एवढंच घरी पोचतं. त्याच दिवशी, दवाखान्याच्या दारातच, पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरच्या चौकटीत लिहून घ्या.